जयूताईचे पाच सागरगोटे

जयूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खारघरला, कॉलेजच्या लायब्ररीत बसले होते. फोन आईचा होता. आई फोनवर कधी सरळ विषयाला हात घालत नाही. आधी जेवलीस का, ते विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. "निशू, ये घरी," एवढंच म्हणाली. आणि मग जरा थांबून, "खळ्यात उभी राहून नाव सांग हां. एकदम आत शिरू नको..." ही गोष्ट मला सांगायची गरज नव्हती, ती लहानपणापासूनची सवय होती. आईनं मुद्दाम सांगितलं, तेव्हाच मला कळलं.

सुकापूरला आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून आहेत, बाळारामकाकांचं आणि आमचं. पुढे सामाईक खळं. पूर्वी तिथं भात झोडायचे, आता मोटरसायकली उभ्या असतात. मी पोचले तेव्हा जयूताईला ओटीवर ठेवलं होतं. येणारा प्रत्येक माणूस खळ्याच्या कडेला चपला काढत होता, खोकत होता, स्वतःचं नाव सांगत होता आणि थांबत होता. "मी हाय गो, सखू." "मी, नरेश." पंधरा वर्षं त्या घरात शिरायची हीच पद्धत होती. नाव सांगायचं, आतून जयूताईचा "या" आला की पायरी चढायची. त्या दिवशीही सगळे नाव सांगून थांबले. "या" कुणी म्हटलं नाही. तरी थोड्या वेळानं, ऐकू आल्यासारखे, एकेक जण पायरी चढले. मीही माझं नाव सांगितलं. मीही थांबले.

ती सव्वीस वर्षांची होती. कावीळ झाली होती आणि तिनं ती कुणाला न सांगता अंगावर काढली. पनवेलला दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. काकी सांगते, शेवटी तिला शुद्ध नव्हती. मग एकदम तिनं श्वास रोखला आणि म्हणाली, "आबा आले." आबा म्हणजे तिचे वडील, बाळारामकाका. ते तेव्हा डंपर घेऊन करंजाड्याला गेले होते, त्यांना अजून फोनही लागला नव्हता. काकीनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. परत वळून बघेपर्यंत जयूताई गेलेली होती. काका त्या दारात उभे राहिले ते अर्ध्या तासानं.

हे सगळं लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडले होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. लिहिता येतं म्हणून घरातलं बाहेर मांडायचं का, हे कळत नव्हतं. शेवटी काकीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. आडनाव नको घालू."

जयूताईची माझी पहिली आठवण सागरगोट्यांची आहे. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दुपारी आम्ही त्यांच्या ओटीवर खेळायचो. पाच गोटे होते, करड्या रंगाचे, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. एकाला काळा डाग होता. तिच्यासारखं कुणी खेळत नसे. गोटा वर गेला की खालचे चारही एका झपाट्यात उचलायची, आणि वरचा अगदी शेवटच्या क्षणी झेलायची. पण कधी कधी तिचा हात मध्येच, हवेत थांबायचा. वरचा गोटा खाली पडून घरंगळत जायचा. ती मान किंचित वळवायची आणि हळूच म्हणायची, "आबा." मला काहीच ऐकू येत नसे. मग ती उठायची. चपला ओळीत लावायची, टीव्ही बंद करायची, पाण्याचा तांब्या भरून पायरीजवळ ठेवायची. हे सगळं उरकल्यावर, बऱ्याच वेळानं, रस्त्यावरच्या पिंपळाखाली डंपर थांबायचा. दार आपटायचं. दार एकदा आपटलं तर ती तिथंच उभी राही. दोनदा आपटलं तर मला म्हणे, "निशू, घरी जा."

मला ते जादूसारखं वाटायचं. मी तिची परीक्षा घ्यायचे. तिचे डोळे ओढणीनं बांधायचे आणि विचारायचे, कोण येतंय सांग. ती सांगायची. "सखूमावशी. डावा गुडघा दुखतोय तिचा." "पोस्टमन. आज पिशवी हलकी हाय त्याची." कधीच चुकली नाही. आणि तिच्या स्वतःच्या पावलांचा आवाज मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. ती पैंजण घालत नसे, काचेच्या बांगड्या घालत नसे. आपण काही करत असावं आणि एकदम जाणवावं, मागं कुणीतरी आहे... वळून पाहिलं तर जयूताई. "कधी आलीस गो?" "मगाशीच."

दार दोनदा आपटलं की मी घरी यायचे आणि भिंतीला कान लावायचे. पलीकडून काकांचा आवाज यायचा, मग पट्ट्याचा. पट्टा हवेतून येताना वेगळा वाजतो आणि लागताना वेगळा. काकी एखाद-दोनदा "पुरे हो" म्हणायची. जयूताईचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. रडण्याचा नाही, ओरडण्याचा नाही. काकांना आवाज सहन होत नसे, आवाज केला की मार वाढायचा, हे मला नंतर समजलं. तेव्हा वाटायचं, तिला लागत नसेल. माझी आई रिमोट उचलायची आणि मालिकेचा आवाज वाढवायची. "त्यांच्या घरचं हाय," म्हणायची. माझे बाबाही तिथंच बसलेले असायचे. भावाच्या मधे कसं बोलायचं, हा त्यांचा प्रश्न. आजोबांनी या दोघांनाही बैलाच्या चाबकानं फोडून काढलेलं होतं. काकांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा वळ होता. बनियन काढून बसले की कौतुकानं दाखवायचे, "हा खाल्ला म्हणून माणूस झालो." बाबांच्या पाठीवरही तसाच होता. ते बनियन काढत नसत, एवढाच फरक.

मी सहा वर्षांची असताना एक दुपार आली. खळ्यात बायका सुकट निवडायला बसल्या होत्या. काका लवकर आले होते. जयूताईच्या हातून तांब्या सुटला, पाणी सुकटीत गेलं. बायकांच्या देखत काकांचा हात वर गेला. आणि जयूताई थिजली. डोळे उघडे, पण पापणी हलेना. मी शेजारी होते, मी तिचा हात धरला. भर उन्हात तो मडक्यासारखा गार होता. गालावर माशी बसली, डोळ्याच्या कडेपर्यंत चालत गेली, तरी ती हलली नाही. बायकांच्या हातातली सूपं थांबली. मग जयूताईच्या तोंडून आवाज आला. तो तिचा नव्हता, एकदम सपाट, कुणीतरी कागदावरचं वाचून दाखवावं तसा. "सखूमावशी येतेय. रडत येतेय."

गल्लीत कुणी नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग कॅनॉलच्या बाजूनं पदर तोंडाशी धरून सखूमावशी आली. तिचा दीर नवीन इमारतीच्या परांचीवरून पडून गेला होता.

आधी एका बाईनं जमिनीला डोकं टेकलं. मग सगळ्यांनी. "आली गो, बाय आली पोरीच्या अंगात!" काकांचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. काकांच्या आईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या अंगातही वारं यायचं असं घरात सांगत, त्यामुळे त्यांना शंका आलीच नाही. ते पोरीसमोर हात जोडून उभे राहिले. काकी दारात होती. ती तेवढी पाया पडली नाही. ती आत गेली आणि पाट घेऊन आली.

त्या दिवसापासून त्या घराचे नियम बदलले. देवीच्या घरात कुणी न सांगता शिरायचं नाही, हे काकीनं ठरवलं. खळ्यात उभं राहायचं, नाव सांगायचं, थांबायचं. काकांनाही तेच. दिवसभर डंपर हाकून आलेला माणूस स्वतःच्या घरासमोर धुळीनं माखलेला उभा राहायचा, "मी हाय, बाळाराम," म्हणायचा आणि आतून लेकीचा "या" येईपर्यंत पायरीला पाय लावायचा नाही. भिंत एकदम शांत झाली. मी सवयीनं कान लावायचे. पलीकडून नुसतं कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. बहुतेक जयूताईच असावी. तीही भिंतीला टेकूनच झोपायची, बसल्या बसल्या.

मंगळवारी, शुक्रवारी लोक प्रश्न घेऊन यायचे. ती केस सोडून पाटावर बसायची. हरवलेल्या वस्तू, न बोलणारी मुलं, अडलेली लग्नं. ती मान वळवून ऐकायची आणि दोन वाक्यांत सांगायची, आणि ते बहुधा खरं निघायचं. कोणाचा श्वास अडखळतो, कोण पायरीवर टाच घासतं, कोणत्या नावाला आवाज खाली येतो, एवढ्यावरून. पण सातवीनंतर तिची शाळा सुटली. देवीच्या पोरीला कोण मागणी घालणार, म्हणून लग्नाचं नाव निघालं नाही. एकदा मी तिला जत्रेला चल म्हटलं तर हसून म्हणाली, "देवी झाले गो बाय, पाळण्यात बसायची सोय नाय राहिली."

मी कॉलेजात गेले, मानसशास्त्र घेतलं. का घेतलं ते घरी कुणाला सांगता आलं नाही. "येड्यांचं शिकतेस काय?" असं बाबा विचारायचे. दुसऱ्या वर्षाला आमच्या बाई एकदा मारहाण होणाऱ्या घरातल्या लहान मुलांबद्दल शिकवत होत्या. अशी मुलं घरातल्या मोठ्या माणसाची चाहूल घ्यायला फार लवकर शिकतात, त्यांचं सगळं अंग कान झालेलं असतं. पळता येत नाही, लढता येत नाही, तेव्हा शरीर थिजतं, आवाज सपाट होतो, मूल आपल्याच अंगातून बाजूला होतं. मी वहीत लिहून घेत होते. वर्गात पंखा चालू होता आणि मला सुकटीचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन जयूताईकडे गेले. खळ्यात नाव सांगितलं. तिनं "या" म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं वाचून दाखवलं. मला वाटत होतं, मी हिला कसल्या तरी बंधनातून सोडवतेय. "जयूताई, ती देवी नाही. ती भीती आहे."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "हळू बोल, कॉलेजवाली. खळ्यात आबा हायत."

"पण तू ऐकलंस का मी काय म्हटलं?"

"मी सगळंच ऐकते." हसली. मग म्हणाली, "मला माहीत हाय गो. अंगात कधी आलंच नाय. पहिल्या दिवशी नुसता गळा बंद झाला. हातपाय आपले नायत असं वाटलं. आणि सखूमावशीचं रडणं तर केवढ्यानं येत होतं... तुमाला कसं ऐकू नाय आलं, याचंच मला नवल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आबांनी हात जोडले ना. त्यांचा हात मी एवढ्या जवळून कधी बघितलाच नव्हता. नुसता यायचा आणि लागायचा." ती थोडा वेळ निवडत राहिली. "आयला माहीत हाय. तिनंच पाट आणला. तू बाहेर बोलू नको, निशू. देवी गेली की आबा परत येतील."

काका बाहेर बसून विडी ओढत होते. खोकत होते. मला तो आवाज स्पष्ट येत होता. आणि ती म्हणत होती, आबा परत येतील. मी वही मिटली आणि तिला शब्द दिला. त्या शब्दाचं काय करायचं हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आमची शेवटची भेट ती जायच्या आठवडाभर आधीची. तिचा भाऊ त्याच घरात राहतो, उरणला कंटेनर यार्डात कामाला आहे, वहिनीही नोकरी करते, त्यामुळे त्यांची पाच वर्षांची परी दिवसभर जयूताईजवळ असायची. जयूताई तिला सागरगोटे शिकवत होती. तेच पाच गोटे. मला जयूताईचे डोळे पिवळसर दिसले. मी म्हटलंही, "डोळे असे का गो?" ती म्हणाली, "हळद कुटत होते." मी ते मान्य केलं. लहानपणी मला वाटायचं तिला दुखत नसेल. इतकं शिकून पुन्हा तेच वाटून घेतलं. दुखतंय, हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि ऐकला नाही म्हणून नव्हताच, असं धरून चालले. तिनं विषय बदलला. परीकडं बोट करून म्हणाली, "तिचा हात बघ."

पाहिलं. परी गोटा उडवत होती, सोडत होती, हसत होती.

"काय झालं?"

"थांबत नाय," जयूताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं. "आबा येऊन खळ्यात उभे राहिले तरी थांबत नाय. रोज बघते मी. कधी थांबला तर मला सांग हां."

दिवसकार्य झालं. मंगळवारचे लोक यायचे बंद झाले. पण पद्धत सुटली नाही. अजून सगळे खळ्यात उभे राहून नाव सांगतात. काकाही. "मी हाय, बाळाराम," म्हणतात आणि थांबतात. एके दिवशी ते थांबले नाहीत. त्या संध्याकाळी भिंतीतून मला एक आवाज आला. पंधरा वर्षं ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. पट्टा नव्हता, नुसता हात होता, एकदाच. त्यानंतर काहीच नाही. परीचं रडणंही नाही. मी आईकडे पाहिलं. आईचा हात रिमोटकडे गेला होता. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. आम्ही दोघी तशाच बसलो, आणि पलीकडची शांतता ऐकत राहिलो. आई रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. दुपारी परीला घेऊन ओटीवर बसले, सागरगोटे मांडले. दोन डाव छान झाले. तिसऱ्याला परीनं गोटा उडवला आणि तिचा हात हवेत थांबला. काळ्या डागाचा गोटा घरंगळत पायरीपर्यंत गेला. तिनं मान किंचित वळवली. ते वळणं मी ओळखत होते... मानेची तीच रेषा. "आबा," ती म्हणाली. उठली आणि चपला ओळीत लावायला लागली. मी तिचा हात धरला. गार होता.

जयूताईनं सांगितलं होतं, थांबला तर मला सांग. सांगायला ती नव्हती.

पिंपळाखाली दार आपटलं. काका खळ्यात आले, मला पाहून उभे राहिले, खोकले. "मी हाय, बाळाराम." परी माझ्याकडे बघत होती. मी पायरी उतरून खाली गेले. काकांशी मी जन्मात सरळ बोलले नव्हते. "काका, जरा थांबा. मला बोलायचंय," मी म्हटलं, आणि जे काही होतं ते सगळं सांगितलं. नीट जमलं नाही, रडत, अडखळत सांगितलं. देवी नव्हती. अकरा वर्षांची पोर होती आणि तिला तुमची भीती वाटत होती. शेवटपर्यंत वाटत होती. काल तुम्ही या पोरीवर हात उचललात, आणि आज ती तुमचा डंपर वळायच्या आधी उठली. मी शब्द मोडला.

काकी दारात येऊन उभी होती. ती मला गप्प करील असं वाटलं. तिनं केलं नाही.

काका खाली बसले, खळ्यात, मातीतच. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "पहिल्या दिवशी पण नाय? सखूच्या वेळी?"

"पहिल्या दिवशी पण नाही."

त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला आणि तळव्याकडे बघत राहिले.

याला दीड महिना झाला. ते बदलले असं मी लिहू शकत नाही, मला माहीत नाही. आता ते पिंपळापासूनच हाक मारत येतात, "मी हाय, बाळाराम, येतोय," असं वाटभर. पोरीला चाहूल घ्यावी लागू नये, म्हणून असेल. वहिनीला मी सगळं सांगितलंय. आमच्या बाईंनाही परीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, तिच्याजवळ कुणीतरी रोज असू दे. भिंतीतून पुन्हा आवाज आलेला नाही. पण त्या भिंतीतून आवाज न येण्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून मी रोज जाते. आई म्हणते, जयू अजून खळ्यात असते. असेलही. चालताना तिचा आवाज जिवंतपणीही कुठं यायचा?

परवा दुपारी आम्ही खेळत होतो. परीचा डाव झाला, अख्खा, एकही गोटा न सांडता. मी तिच्या हाताकडेच बघत होते. मग माझी पाळी आली. "निशूआत्या," परी म्हणाली, "पडला तुझा."

काळ्या डागाचा गोटा पायरीपाशी पडला होता. माझा हात हवेत होता. मान वळलेली होती. परी कंटाळून उरलेल्या गोट्यांशी खेळत होती, तिला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. गल्ली रिकामी होती.

बऱ्याच वेळानं पिंपळाखाली डंपर येऊन थांबला.